वारेची काच

खिल्लारे काकांनी माझा पहिला अपमान केला, तेव्हा मला नोकरीवर रुजू होऊन अर्धा तासही झाला नव्हता.

मी अमरावतीहून नवीकोरी डॉक्टर होऊन आले होते. आमचं आरोग्य केंद्र अमरावती विभागातल्याच शिरपूरहून मालेगावला जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाचतात आणि वाचलं की फोन करतात. दारातून शिरलं की डावीकडे औषधांची खिडकी, उजवीकडे 'प्रयोगशाळा' अशी पाटी, आणि पाटीखालच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर वाकलेली एक पाठ. त्या पाठीला मी म्हटलं, "नमस्कार. मी नवीन आले."

पाठ वळली नाही. "बसा. ताप किती दिवसापासून हाय?"

"मी पेशंट नाही. मेडिकल ऑफिसर आहे."

"हो काय!" आता चेहरा वळला. उजव्या डोळ्याभोवती सूक्ष्मदर्शकाच्या नळीचा गोल वळ, चष्मा कपाळावर, आणि दहाही बोटं जांभळी. "मग तं उभ्याच राहा मॅडम. खुर्ची एकच हाय, अन थे पेशंटची हाय."

महादेव खिल्लारे, प्रयोगशाळा तंत्रज्ञ. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेली. रक्ताच्या काचा रंगवून रंगवून बोटं कायमची रंगलेली. त्याच बोटांनी ते भाकर मोडायचे आणि कुणी नाक मुरडलं की म्हणायचे, "हा रंग पोटात गेला तं जंत मरतात. तुमी पण खाऊन पाहा." गावात त्यांना सगळे 'काचवाले काका' म्हणत. वरिष्ठ काय म्हणत ते इथे लिहिता येणार नाही.

त्यांच्या बोलण्यात आदराचा एक चढता क्रम होता आणि तो समजायला मला महिना लागला. खुशीत असले की मी 'पोरी'. कामात असले की 'मॅडम'. माझं काही चुकलं की 'मॅडम साहेब'. आणि 'हुजूर' म्हणाले की समजायचं, आज आपली धडगत नाही. तालुक्याचे साहेब कायम 'हुजूर' होते. साहेबांना तो सन्मान वाटायचा.

आमच्या एका आरोग्य सेवकाची गोष्ट सांगायलाच हवी. ताप आलेल्या माणसाच्या बोटाला टोचायचं, थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं आणि काच काकांकडे आणून द्यायची, हे त्याचं काम. महिन्याला अमुक इतक्या काचा झाल्याच पाहिजेत, असं टार्गेट. माणसं टार्गेटप्रमाणे तापत नाहीत, ही सरकारी यंत्रणेची जुनीच अडचण. तर हा गडी महिनाअखेरीला ऐटीत मोटरसायकल लावून आला आणि वीस काचा टेबलावर ठेवून निघाला. काकांनी त्याला अडवलं. "कायले घाई करता दादा? च्या घ्या." दोन तास त्याला चहावर बसवून ठेवला, वीसही काचा रंगवल्या, पाहिल्या, आणि सगळ्या स्टाफला हाक मारली.

"या, या. यायचं अभिनंदन करा. यायच्या गावात वीस जण तापले. बाया, बुढे, लेकरं. अन वीसही जणायचं रक्त एकसारखं! वीसही जणायच्या रक्तात जंताच्या खुणा, थे पण सारख्याच! असं गाव मी तं नाई पाह्यलं बावा."

आरोग्य सेवकाने डावा हात खिशात घातला. त्या हाताच्या चारही बोटांना टोचल्याच्या खुणा होत्या, हे तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं. काकांनी जंतांची एक गोळी त्याच्यापुढे धरली. "वीस जणायले एकच गोळी देतो. तुमी गिळा, वीसही जण बरे व्हतीन."

पुढल्या आठवड्यात त्याने सातच काचा आणल्या. काकांनी पाहिल्या आणि म्हणाले, "सात माणसं, सात रक्तं. आता तुमी नोकरीले लागले."

तालुक्याच्या बैठकीत आमच्या केंद्राचं कौतुक व्हायचं, कारण मलेरियाच्या रकान्यात दर महिन्याला शून्य असायचं. एकदा साहेबांनी काकांना उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. काका म्हणाले, "हुजूर, सापडलं नाई तरी शून्य लिवतो, अन शोधलं नाई तरी शून्यच लिवतो. दोन शून्यातला फरक दाखवणारी काच माह्यापाशी नाई. तुमच्यापाशी असली तं पाठवा." साहेब हसले. त्यांना वाटलं, हा माणूस नवीन सूक्ष्मदर्शक मागतोय. "पुढच्या बजेटमध्ये बघू," ते म्हणाले.

हे सगळं ऐकताना मी खिदळायचे. माझी पाळी यायची होती.

होळी होऊन आठ दिवस झाले असतील. गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस. सुनीता नावाची विशीतली पहिलटकरीण आली. दसऱ्यानंतर नवरा, दीर आणि जाऊ यांच्यासोबत ती गडचिरोलीकडे जंगलातल्या एका पुलाच्या कामावर गेली होती आणि नुकतीच गावी परतली होती. चेहरा पिठासारखा पांढरा. मी पोटावर टेप लावला. ती म्हणत होती आठवा लागला, आणि पोट दिसत होतं सहाव्याचं.

"तारीख चुकली असेल," मी म्हटलं. खेड्यातल्या बायकांना पाळीची तारीख आठवत नाही, हे आम्ही शहरातून शिकूनच येतो.

"नाई मॅडम," ती हळूच म्हणाली. "पोळ्याच्या दिवशी मी बाहेर बसली होती. बैलाचा निवद सासूनं रांधला. मले पक्कं ध्यानात हाय."

एवढी पक्की तारीख मी कधी शिकलेल्या बाईकडूनही ऐकली नव्हती. तरीही मी केसपेपरवर 'तारीख अनिश्चित' असं लिहिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि हिमोग्लोबिनसाठी काकांकडे पाठवलं.

काही वेळाने काका स्वतः आले. हे क्वचित घडायचं.

"मॅडम, या पोरीले तठी ताप आला होता. मुकादमानं दोन दिवस कायच्यातरी गोळ्या देल्ल्या, ताप उतरला. मी काच पाह्यली. काही नाई दिसत."

"मग झालं तर. निगेटिव्ह."

"काच निगेटिव्ह हाय. पोरगी नाई वाटत. उद्या, परवा पुन्हा काच घेऊ. तिले बोलवा."

मी घड्याळ पाहिलं. बाहेर तीस बायका होत्या. "काका, ताप नाही, काच स्वच्छ आहे. अशक्त बाईला तीन किलोमीटर पायी चालवून रोज काय आणायचं? निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "जसा हुकूम, हुजूर."

मला तो शब्द ऐकू आला होता. कळलाही होता. मी पुढच्या बाईला आत बोलावलं.

तीन आठवड्यांनी सुनीता कळा देतच ऑटोतून आली. पुढे पाठवायला वेळच नव्हता. दुपारी बाळ झालं. मुलगी, एक किलो दोनशे ग्रॅम. माझ्या तळहातावर मावली. महिने भरले नव्हतेच, पण जेवढे भरले होते त्या मानानेही ती फारच लहान होती. तिला कापडात गुंडाळलं आणि बापासोबत अँब्युलन्समधून जिल्ह्याला पाठवलं. सुनीताला रक्तस्राव होत होता. ती आमच्याकडेच राहिली.

बाळामागोमाग वार, म्हणजे प्लासेंटा, पडली होती. रीतीप्रमाणे ती घरी नेऊन अंगणात पुरायची म्हणून सासू प्लास्टिकची बादली घेऊन प्रसूतिगृहाच्या दारात बसली होती. तेवढ्यात काका दोन कोऱ्या काचा घेऊन तिथे आले.

"आजी, या वारेतलं थेंबभर रक्त पाह्यजे."

"तुमी कोन?"

"काचवाला."

"आडनाव काय?"

"खिल्लारे."

म्हातारीने पदर सावरला आणि बादली मागे ओढली. "आमच्या घरची वार हाय बाप्पा. तुमी हात नोका लावू."

आमच्या सिस्टरने मान खाली घातली. मीही भिंतीकडे बघू लागले. अशा वेळी भिंती फार उपयोगी पडतात. काका मात्र उकिडवे बसले, अगदी म्हातारीच्या समोर.

"आजी, तुमच्या सुनेच्या बोटातून रक्त मीच काढलं होतं. तवा आडनाव नाई लागलं. आता हात नाई लावत. सिस्टर काढून देईल, मी नुसती काच धरतो. काचेले जात नसते, पुसली की साफ."

"वापस देसान?"

"एक थेंब ठेवीन. बाकी सारी तुमची."

सिस्टरने वारेच्या आतल्या बाजूला बारीक छेद दिला, काका धरून होते त्या काचांना रक्त लावलं. म्हातारी बादली पोटाशी धरून पहारा देत राहिली.

तासाभराने मला बोलावणं आलं. काकांनी पेशंटची खुर्ची माझ्यापुढे सरकवली. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

बोटाच्या रक्तात जे एकही सापडलं नव्हतं, ते इथे खच्चून भरलेलं होतं. रक्तपेशींमागून रक्तपेशी, प्रत्येकीत जंतू, आणि सगळीकडे विखुरलेले ते काळे-तपकिरी कण. गरोदरपणात मलेरियाचे जंतू वारेत जाऊन चिकटतात, बोटातली काच स्वच्छ दिसू शकते, ताप नसू शकतो, पहिलटकरणीला धोका सर्वांत जास्त, बाळाची वाढ खुंटते, दिवस भरण्याआधी प्रसूती होते. परीक्षेत मी या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

"माय जेवते," काका मागून म्हणाले, "वार वाढते, लेकरू खाते. आता वाढणारीच्याच हाताले हे असे चिकटून बसले, तं लेकराच्या ताटात काय पडंन? तीन महिने उपाशी होती थे पोरगी. आमी मायले लोहाच्या गोळ्या देत होतो."

'आमी' म्हणाले. 'तुमी' म्हणाले नाहीत. 'हुजूर' म्हणाले असते तर बरं झालं असतं.

सुनीताचा उपचार त्याच संध्याकाळी सुरू केला. जिल्ह्याला फोन करून बाळाचंही रक्त तपासायला सांगितलं. बाळ नऊ दिवस जगलं.

त्यानंतर आठवडाभर काकांनी कुणाचीही थट्टा केली नाही. केंद्र सुनं वाटायचं. आरोग्य सेवक मला विचारायला आला, "काका बिमार हायेत काय?"

एका सकाळी दारात सुनीताची सासू उभी दिसली. एकटीच. माझ्याकडे न येता ती सरळ उजव्या हाताच्या खोलीत गेली. मी दारापाशी थांबले.

"काचवाले," ती म्हणाली, "माही मोठी सून पण तठीच होती. मंदा. तिले पाचवा चालू हाय. आसेगावले मायरी गेली. तिचं पण असंच व्हईन काय?"

काका उठले आणि तिला खुर्चीवर बसवलं. "तिले ताप हाय?"

"नाई. चांगली हाय. खाते, पेते."

"सुनीता पण चांगलीच होती आजी. नाव-पत्ता सांगा."

मी म्हटलं, आसेगाव दुसऱ्या तालुक्यात आहे, तिथल्या केंद्राला कळवू, पत्र देऊ. काकांनी काचांची डबी पिशवीत टाकली. "पत्र पाठवा ना, मॅडम साहेब. पत्र गेलं पाह्यजे. मी त्याच्या आधी जातो."

पुढचं मंदाकडूनच मला कळलं. तिचा बाप दारातच आडवा झाला. पोरीला काही झालेलं नाही, ताप नाही, भरल्या पोटाच्या बाईला सुया टोचू देणार नाही, असं म्हणाला. काका ओसरीवर बसले आणि पाणी मागितलं. "ताप नाई म्हणून तं मी आलो. ताप असता तं तुमीच तिले घेऊन आले असते. माही बसभाड्याची बचत झाली असती."

तिथल्या केंद्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या दिवशी काच स्वच्छ. दुसऱ्या दिवशी स्वच्छ. बाप म्हणाला, "आता तं पटलं?" काका म्हणाले, "आणखी एक दिवस. मले तुमचा च्या आवडला." तिसऱ्या दिवशीच्या काचेत एक जंतू सापडला, मग दुसरा. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. त्यांच्या आवाजात आनंद होता असं म्हणणं बरोबर नाही. पण ते मला 'पोरी' म्हणाले.

तीन दिवसांचा औषधाचा डोस मी ठरवून दिला आणि आसेगावच्या डॉक्टरांना कळवला. गोळ्या द्यायला तिथली आशाताई होती, तरी तिन्ही दिवस काका शेवटच्या घोटापर्यंत समोर बसून होते. मंदा सांगायची, "गिळली तरी म्हणायचे, तोंड उघडून दाखव. माह्या नवऱ्यानं एवढं कधी पाह्यलं नाई माह्याकडं."

मग मंदाची तपासणी आमच्याकडेच सुरू झाली. मी टेप लावायचे आणि बाहेरून आवाज यायचा, "किती?" मी आकडा सांगायचे. पंधरा दिवसांनी पुन्हा, "किती?" टेप पुढे सरकत होता. आकडा वाढला, की त्या दिवशी आरोग्य सेवकाची हमखास थट्टा व्हायची.

इकडे आमच्या रकान्यात शून्याच्या जागी दोन पडले होते आणि तालुका हादरला होता. साहेबांचा फोन आला. लागण जंगलात झाली, तर नोंदही तिकडेच जाऊ द्या, असं ते म्हणाले. फोन स्पीकरवर होता. काका जवळच उभे होते. "हुजूर, मच्छर तिकडचा असंन. बाया आपल्या हायेत."

आठ दिवसांत काकांना कारणे दाखवा नोटीस आली. वारेची तपासणी आपल्या कामाच्या यादीत नसताना आपण ती पूर्वपरवानगीशिवाय का केली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. काकांनी तो स्वच्छ सरकारी मराठीत केला. त्याची प्रत मी अजून ठेवली आहे. 'महोदय, वार ही बाळामागोमाग पडते व त्यानंतर पुरली जाते. परवानगीचा अर्ज आपल्या कार्यालयात पोहोचेपर्यंत तिची माती झाली असती. यापुढे वार पडण्याच्या पंधरा दिवस आधी तिच्याकडून अर्ज घेण्यात येईल. खुलासा मान्य व्हावा, ही विनंती.'

खुलासा मान्य झाला की नाही, हे कधी कळलं नाही. पण परिपत्रक आलं. जंगलपट्ट्यातून परत आलेल्या प्रत्येक गरोदर बाईची, ताप असो वा नसो, रक्ततपासणी करावी. परिपत्रकाखाली साहेबांची सही होती आणि कल्पना त्यांचीच असल्याचा सूर होता. काकांनी ते प्रयोगशाळेच्या भिंतीवर डकवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. "पाहा, हुजुरायच्या डोक्यात काय काय येते!"

पोळ्याच्या आधी मंदाला मुलगा झाला. दोन किलो आठशे. वार बघून काकांनी पुन्हा काच घेतली. या वेळी कुणी आडनाव विचारलं नाही. काच स्वच्छ होती.

बाराव्या दिवशी सासू पेढे घेऊन आली. मला दिले, सिस्टरला दिले, मग उजवीकडच्या खोलीत गेली. मी मुद्दाम पाहत होते. पेढा तिने वरून टाकला नाही. काकांच्या जांभळ्या तळहातावर ठेवला, बोटं टेकवून. काकांनीही ते पाहिलंच. "आजी," ते म्हणाले, "काच साफ झाली वाटते."

म्हातारी लाजली की रागावली, मला सांगता येणार नाही. "गप बसा ना," एवढंच म्हणाली आणि आणखी एक पेढा ठेवून गेली. सुनीता तिच्यामागे दारात उभी होती. ती आत आली नाही. काकांनी दुसरा पेढा उचलला, बाहेर जाऊन तिच्या हातात दिला.

पुढल्या वर्षी ते निवृत्त झाले. शाल झाली, श्रीफळ झालं, पुष्पहार झाला. तालुक्याचे साहेब मुद्दाम आले. काकांना आपण नेहमीच कसं प्रोत्साहन दिलं, हे त्यांनी वीस मिनिटं सांगितलं. काकांना दोन शब्द बोलायला लावलं, तेव्हा ते उभे राहून म्हणाले, "हुजुरांनी सांगितलं थे मले पण आजच कळलं," आणि खाली बसले.

त्यांची जागा भरली गेली नव्हती. माणूस येईल, असं वरून सांगितलं होतं. त्याआधी अर्थात आदेश यायचा होता, आणि तोही आला नव्हता. काकांनी खोलीला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. बाहेर नातेवाइकांनी जीप सजवून आणली होती. काका हार घालून पुढच्या सीटवर बसले, पोरांनी फटाके लावले, जीप फाटकाबाहेर पडली आणि लगेच थांबली.

रस्त्याकडेच्या निंबाखाली एक बाई उभी होती. डोक्यावर गाठोडं, हातात पातेल्यांची पिशवी, लुगड्याखाली पाच-सहा महिन्यांचं पोट. कुठल्याशा कामावरून परतून नुकतीच बसमधून उतरली असावी. काका हारासकट खाली उतरले. तिच्याशी काय बोलले ते फटाक्यांत ऐकू आलं नाही. दोन-चार प्रश्न, तिची दोन-चार वेळा हललेली मान. मग त्यांनी तिची पिशवी घेतली आणि तिला घेऊन फाटकातून आत आले.

"किल्ली दे, पोरी."

साहेब अजून अंगणातच होते. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. काकांनी कुलूप काढलं, बाईला खुर्चीवर बसवलं, गळ्यातला हार उतरवून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि तिचं बोट हातात घेतलं. काच रंगवून वाळेपर्यंत जीपवाल्याने चार वेळा हॉर्न वाजवला. पाचव्यांदा वाजला, तेव्हा काका सूक्ष्मदर्शकावर वाकलेले होते. डोळा न काढता, मानही न वळवता त्यांनी खिडकीबाहेर ऐकू जाईल असा आवाज दिला,

"काहून बोंबलून राह्यला बे? रिटायर झालो, मेलो नाई!"